रहिमतपूरच्या शिवारातील तांबडे तारे

सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात कमंडलू नदीच्या काठी रहिमतपूर वसले आहे. पुणे-मिरज रेल्वेने जाताना स्टेशन लागते. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर पाहायला म्हणून लोक येतात. आम्ही मात्र पाहुण्यांबरोबर उसाला पाणी पाजायला शिवारात गेलो. मोटारीची लाईट रात्रीचीच येते, त्यामुळे माघातली अख्खी रात्र बांधावर गेली.

पहिल्या प्रहरी रोहिणी डोक्यावर होती. पूर्वेकडे मृगाचा चौकोन, मध्ये ओळीने तीन तारे. चौकोनाच्या एका कोपऱ्यावरचा तांबूस तारा म्हणजे काक्षी. कुणब्याला रोहिणी-मृग पावसासाठी ठाऊक असतात. पण हे दोन्ही तारे म्हातारे आहेत, हे आम्हांला शाळेत कुणी सांगितले नव्हते.

ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होते, त्यावर तो तळपतो. गाभ्यातला हायड्रोजन सरला की गाभा आकसून तापतो आणि बाहेरचे थर फुगतात. फुगले की पृष्ठभाग निवतो, म्हणून रंग तांबडा. रोहिणी सूर्याच्या चाळीसपट रुंद झाली आहे. आपला सूर्यही सुमारे ५०० कोटी वर्षांनी असाच फुगेल, वरचे थर उधळील आणि मागे पृथ्वीएवढा पांढरा खुजा तारा राहील. असा खुजा तारा सूर्याच्या १.४ पटींहून जड असू शकत नाही, हे गणित चंद्रशेखर यांनी १९३० साली बोटीतून इंग्लंडला जाताना मांडायला घेतले. वय १९. नोबेल मिळाले १९८३ साली!

काक्षी फार जड, तिचा शेवट स्फोटाने होईल. २०१९ च्या अखेरीस ती मंदावली तेव्हा जगभर गडबड उडाली. पण तिनेच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती. फेब्रुवारी २०२० नंतर ती पुन्हा उजळली.

मध्यरात्री पूर्वेला स्वाती वर आली, तीही तांबूस, ३७ प्रकाशवर्षांवर. बारे मोडता मोडता पाहुण्यांनी विचारले, "ज्येष्ठा कधी दिसंल?" त्यांच्या पोरीचे एक स्थळ नुकतेच मोडले होते. ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली सून थोरल्या दिराच्या मुळावर येते म्हणे! पत्रिका आपण टाकली, तरी समोरच्याच्या घरात ती आहेच.

पहाटे चारला ती आग्नेयेला दिसली, अंगाराच्या रंगाची. सूर्याच्या शेकडो पट मोठी, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातली. तिथून निघालेला उजेड इथे यायला साडेपाचशे वर्षांच्या आसपास लागतात. म्हणजे आम्ही पाहिला तो उजेड निघाला तेव्हा शिवरायांचाही जन्म झाला नव्हता. पोरगी जन्मली तेव्हा त्या ताऱ्यात काय चालले होते, हे इथे कळायलाच अजून पाच शतके आहेत.

पाहुणे बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोरीला उठवून आणायला पायजे होतं." तेवढ्यात लाईट गेली.