नळीच्या आतील चकाकी

‘बारा बोअर’ हा शब्द आपल्या खेड्यांत पुष्कळांच्या तोंडी असतो. त्याचा अर्थ मात्र थोड्यांस ठाऊक असतो. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोल गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी होय. तिचा आतील व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. पण ही नळी सरळ पाइपासारखी नसते. काडतुसाच्या घरापाशी ती थोडी रुंद असते, पुढे उतरती होत मूळ मापावर येते, आणि तोंडाजवळच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत पुष्कळ बंदुकांत ती मुद्दाम आवळलेली असते. या आवळणीस ‘चोक’ म्हणतात. पूर्ण चोक म्हणजे उणापुरा एक मिलिमीटर. परंतु तेवढ्याने चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात शेकडा सत्तर छर्रे पडतात. चोक नसेल तर शेकडा चाळीसच.

हे सर्व सांगण्याचे कारण असे. आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी घरात वडिलोपार्जित दुनळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले. आता ती पीकराखणीच्या परवान्यावर आहे आणि रानडुकरांना आवाजाने हुसकावण्यापलीकडे तिला काम नाही. निवडणुकीच्या वेळी ती ठाण्यात जमा झाली, आणि परत आली तेव्हा दोन्ही नळ्यांत तांबूस गंज चढला होता. घरातील तरुण मुलाने उपायही योजून ठेवला: लोखंडी गजाला पॉलिश पेपर गुंडाळायचा, गज ड्रिल मशीनला लावायचा, आणि नळी आरशासारखी होईपर्यंत फिरवायचा. “फादर, अर्ध्या तासाचे काम,” तो म्हणाला. आम्हांस यंत्रांतले फारसे कळत नाही. तरी त्याच आठवड्यात इंदूरला जाणे होते, तेव्हा चौकशी करून येईपर्यंत थांब, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले.

इंदुरात आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब आहे. त्यांचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत तिकडे गेले व तेथलेच झाले. त्या घरातील काकांनी पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात आयुष्य घालविले. पोलोग्राउंड हे नाव ऐकून घोडे डोळ्यांपुढे यावेत. तेथे पाहावे तर वीज कंपनीचे मोठे कार्यालय आणि कारखान्यांची छपरे. काकांचे काम होनिंगचे, म्हणजे पंपाच्या व इंजिनाच्या सिलिंडरांची आतली बाजू दगडांनी घासून मापात आणण्याचे. यंत्रावर ते दगड सतत तेलात भिजत, फिरत व मागेपुढे सरकत असतात, आणि दर थोड्या वेळाने काम थांबवून आतले माप घ्यावे लागते. मिलिमीटरचा शंभरावा भाग जास्त गेला तरी काकांच्या कपाळाला आठी पडते.

आम्ही त्यांस ड्रिल मशीनची गोष्ट सांगितली. ते प्रथम हसले, मग गंभीर झाले. हाताने धरलेला गज नळीत थरथरतो, म्हणाले. तो एके ठिकाणी जास्त खातो, एके ठिकाणी कमी. दोन्ही टोकांशी तर नळी घंटेच्या तोंडासारखी पसरते. चोक गेला तर गेला, छर्रे पसरतील एवढेच. पण हलक्या दुनळीच्या पुढच्या भागी पोलादाची जाडी कधी कधी एक मिलिमीटरही नसते. “गंजाचा खड्डा पुसायचा तर खड्ड्याच्या तळापर्यंत सगळी नळी खरवडावी लागते, फादर. गेलेले पोलाद परत कुठून आणणार? आणि नळी फुटते तेव्हा तिच्याखाली माणसाचा डावा हात असतो.”

तुम्हीच यंत्रावर करून द्याल काय, असे विचारता त्यांनी स्पष्ट नकार दिला. १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानेच करावयाची आहे. शिवाय नळीची भिंत किती उरली हे मोजल्यावाचून तिला दगड लावणे त्यांच्या धंद्याच्या रीतीत बसत नव्हते. इंग्लंडातही नळीचा आतला व्यास ठरीव मर्यादेपलीकडे वाढला तर ती बंदूक अधिकृत परीक्षेतून बाद समजतात. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ पासून त्या देशात हे काम करीत आहे.

येथे कित्येक वाचकांस अंतःकरणाच्या शुद्धीवर चार शब्द येणार असे वाटेल. ते रविवारी मिस्सेत ऐकावेत. आज नळीचेच बोलू.

काकांनी सांगितलेली घरगुती रीत साधी आहे. प्रथम बंदूक मोडून दोन्ही घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहावे व बोटाने चाचपावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, मुलांना बाहेर पाठवावे. नळ्या दस्त्यापासून सोडवून काडतुसाच्या बाजूने लाकडी गजावर कांस्याच्या तारांचा ब्रश तेलात भिजवून हाताने फिरवावा, मागून स्वच्छ चिंध्या ओढाव्यात. वरवरचा गंज व शिशाचा लेप एवढ्याने सुटतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा मागे राहणारा क्षार हवेतील ओल शोषतो आणि तेलात विरघळत नाही. अशी काडतुसे उडविली असतील तर आधी नळीतून कढत पाणी ओतावे, पूर्ण सुकवावे, मगच तेल द्यावे. इतके करूनही जे काळे ठिपके राहतील ते राहू द्यावेत. बोटाला खड्डा लागत असेल, किंवा नळी उजेडाकडे धरली असता आत सावलीचे कडे दिसत असेल, तर ती न उडविता परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यावी.

बंदूक ठाण्यात जमा करण्याच्या आदल्या दिवशी मात्र नळीत तेलाचा जाड हात फिरवावा, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर नळीची अवस्थाही लिहवून घ्यावी.