पाथरीच्या रानातले हरीण आजारी दिसले तर

मानवत रोड स्टेशनावर उतरून पाथरीची वाट धरावी. साईबाबांचे जन्मगाव मानून भाविक इकडे येतात. आपण मात्र सकाळच्या उन्हात शिवारात जाऊ. काळीभोर जमीन, जायकवाडीचा डावा कालवा, आणि हरभऱ्यात चरणारा हरणांचा कळप! परभणी जिल्ह्यात जंगल नावापुरतेच. म्हणून काळवीट आपल्याच रानात राहते. पाहुणा कसला, घरजावईच तो.

पिकाचे नुकसान होते, ही तुमची तक्रार खरीच. त्याच्या भरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो. पण आज गोष्ट वेगळी आहे.

माणूस दिसताच निरोगी कळप उड्या मारीत पळतो. एखादे मागे राहिले, लंगडले, तोंडातून लाळ गाळू लागले, तर लाळ्या-खुरकुताची शंका घ्या. गळ्याला सूज आणि धाप असेल तर घटसर्पाची. मेलेल्या हरणाच्या नाकातोंडातून न गोठलेले काळपट रक्त आले असेल, तर ती फाशी असू शकते. मात्र एकटाच उभा असलेला काळा नर आजारी नसतो, तो आपली हद्द राखत असतो. गवतात निपचित बसलेले पाडसही उचलू नका. आईनेच ते लपवलेले असते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात तीसएक काळविटे काही दिवसांतच दगावली. कारण घटसर्प, तुमच्या गोठ्यातल्या म्हशीला होतो तोच. एकाच पाणवठ्यावर गुरे आणि हरणे पाणी पितात, तेव्हा रोग इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडेही येतो.

म्हणून मेलेल्या हरणाला हात लावू नका, कुत्री जवळ जाऊ देऊ नका, कातडे तर मुळीच काढू नका. फाशीचे जंतू उघड्यावर पडले की मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि माणसालाही सोडत नाहीत. वनखात्याला १९२६ वर फोन करा. जागा कोणती, जनावरे किती, केव्हापासून, एवढे सांगितले तरी पुरे. 'आपल्यावरच आळ येईल' या भीतीने पुष्कळजण गप्प बसतात. कळवणाऱ्याने कसली भीती बाळगावी? आपल्या गोठ्यातही तशीच लक्षणे दिसली, तर पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२.

तोवर गुरे त्या पाणवठ्यावर नेऊ नका. आणि पावसाळ्याआधीची घटसर्पाची लस यंदा टोचली होती का, हे आज घरी गेल्यावर कारभारणीला विचारा. तिला नक्की आठवत असेल.