बनी तो बनी, नहीं तो...

दिवाळीत परभणीला गेले, तर घरात शीतयुद्ध! एकीकडे आई, दुसरीकडे बाबा आणि मध्ये आमची प्रीमियर पद्मिनी. आदल्या आठवड्यात जिंतूरहून येताना भर रात्री तिचे हेडलाइट्स गेले होते. 'अहो, ती विका, नाहीतर मी तुमच्यासोबत बसणार नाही,' हे आईचं अल्टिमेटम.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये रिटायर झाली. पण हे बाबांना कोण सांगणार?

मी टॉर्च मारून फ्यूज-ब्लॉक बघितला आणि गारच पडले. जुन्या पद्धतीचे, कॅप्सूलसारखे फ्यूज. ते धरणाऱ्या पट्ट्या गंजलेल्या. गंज आला की कॉन्टॅक्ट खराब आणि कॉन्टॅक्ट खराब की ब्लॉक तापणार! एक कोपरा चक्क वितळला होता. आणि हेडलाइटच्या फ्यूजला गुंडाळला होता चॉकलेटचा चंदेरी कागद.

'बाबा, हे काय?'

'सारखा उडायचा गं. केला बंदोबस्त!'

आता बोला! फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. तो उडाला नाही, तर वायर जळते. 'आणि शेजारी आई बसली होती,' मी म्हटलं. बाबा एकदम गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी चपट्या ब्लेड फ्यूजचा नवा ब्लॉक आणला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग मोबाइलवर फोटो, प्रत्येक वायरला चिकटपट्टी आणि नंबर. जळकी टोकं कापली, एकेक वायर नव्या ब्लॉकवर नेली. फ्यूज वायरला झेपतील तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचे. तो सारखा का उडायचा, तेही सापडलं. हेडलाइटमागे एक वायर घासून उघडी पडली होती आणि बॉडीला टेकत होती. ती बदलली.

'मास कॉममध्ये हे शिकवतात होय?' नंबर वाचता वाचता बाबांनी विचारलं. लहानपणी ते गाडीखाली असायचे आणि पाना द्यायचं काम माझं. या वेळी पाना त्यांच्या हातात होता.

संध्याकाळी चावी माझ्याकडे देत बाबा पुटपुटले, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी!'

लाइट लख्ख लागले. आई पर्स घेऊनच बाहेर आली.

'उद्या गंगाखेडला जाऊ. पण अंधाराच्या आत परत यायचं,' ती म्हणाली.

बाबा चक्क 'बरं' म्हणाले.