उतरवून घेणे

सोयाबीनची पोती ओसरीवर येऊन पडली की अनसिंगच्या आमच्या घरात लिहायला जागा उरत नाही. मग मी मुलाचा जुना संगणक घेऊन माजघरात बसतो. या म्हाताऱ्या यंत्रावर मुलाने लिनक्स बसवून दिले आहे, आणि पुण्याला परत जाताना त्याने मला एक गंमत दाखवली. मजकुरावरून माउस नुसता ओढायचा, दुसऱ्या खिडकीत जाऊन मधले चाक दाबायचे, की मजकूर तिथे हजर! कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीची नेहमीची वाट आहेच. पण ती वेगळी. म्हणजे एकाच वेळी दोन खिसे! वह्यांतली नक्कल पकडण्यात ज्याची निम्मी नोकरी गेली, त्या माझ्यासारख्या मास्तराला ही सोय भलतीच गोड वाटली, हे कबूल केलेच पाहिजे.

परवा आईने तिच्या लग्नानंतरची हकीकत सांगितली. पुसदकडून बैलगाडीने, रात्रीची, ती या गावात कशी आली ते. कादंबरीत घालण्यासाठी मी ती एका कोऱ्या खिडकीत टिपून घेतली. फाइलला नावसुद्धा दिले नाही. मग सगळा मजकूर कापला, खिडकी मिटली आणि ‘जतन करायचे का?’ या प्रश्नाला ऐटीत ‘नको’ म्हटले. मजकूर माझ्या खिशात होता ना! कादंबरी उघडून डकवायला गेलो, तो काही उमटेना. चाक दाबले. कंट्रोल-व्ही दाबले. पान कोरे ते कोरेच.

रात्री मुलाला फोन केला.

“बाबा, खिसा असा नसतोच तिथे,” तो म्हणाला.

लॅरी टेस्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत कापणे-डकवणे संगणकावर आणले, ते कात्री आणि डिंकाच्या धर्तीवर. त्यामुळे कपटा आपल्या हातात आहे असे वाटत राहते. पण 1984 साली एमआयटीत जन्मलेल्या ‘एक्स’ या खिडक्यांच्या व्यवस्थेत मजकूर तेव्हा हलतच नाही. ज्या प्रोग्रॅमपाशी तो असतो, तो फक्त ‘माझ्याकडे आहे’ अशी वर्दी देतो. डकवताना दुसरा प्रोग्रॅम त्याच्याकडे मागतो, तेव्हा कुठे तो देतो. देणाराच उठून गेला, तर मागायचे कोणाकडे? असा मजकूर सांभाळून ठेवणारा कारभारी पुष्कळ यंत्रांवर असतो. आमच्याकडे तो नव्हता. मुलाने फोनवर सांगून सांगून माझ्याकडून तो बसवून घेतला.

सकाळी आईपाशी गेलो. ती तुरीची डाळ निवडत होती.

“आई, ती गाडीची हकीकत पुन्हा सांग.”

“परवा सांगतलं ना तुले!”

“हरवलं माझ्याकडून.”

ती हसली आणि सांगू लागली. परवा गाडीखाली कंदील होता. आज तो वाटेतच विझला, आणि पुढची सारी वाट ती अंधारात रडत आली.

“हे परवा नव्हतं सांगितलंस!”

“तू इचारलं कुठं मले?”

मी पुढे काही बोललो नाही. लिहीत राहिलो, आणि दर ओळीला जतन करीत गेलो.