सरावलीचा काळू

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून सरावलीच्या रस्त्याला लागले, की आम्हा भावंडांना आधी चिकूच्या वाड्या आठवतात आणि मग काळू. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत येते. आमच्या लहानपणी विरारला उतरून शटल धरावी लागे. जिल्हाही तेव्हा ठाणे होता. पालघर 2014 साली झाला. वस्तीतली कौले जाऊन आता स्लॅब आले आहेत.

काळू 1991 च्या पावसाळ्यात भिजत, कुडकुडत आमच्या पडवीत आला. पिल्लू गावठी. त्याची जात आम्ही विचारली नाही, त्यानेही आमची विचारली नाही.

बाबा फुग्यांच्या कारखान्यात कामाला होते. डहाणूचे फुगे जत्रेजत्रेत जातात, पण ते करणाऱ्याच्या हाताला रबराचा वास येतो हे फुगा घेणाऱ्या पोराला कुठून ठाऊक? काळूला ठाऊक होते. पहिल्या पाळीला तो बाबांना नाक्यापर्यंत पोचवून येई. परतीच्या वेळी बाबा दिसण्याआधीच उठून शेपूट हलवू लागे. मग आई आतून म्हणे, "भात टाका गं, काळू उठला."

आजीला मात्र तो सुरुवातीला खपत नसे. आजी मूळची कुलाबा जिल्ह्यातली, महाडच्या बाजूची. चवदार तळ्यावर गुरे, कुत्री पाणी पीत आणि आपल्या माणसांना बंदी होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी प्राशन करून ती बंदी झुगारली. पण म्हणून गावोगावचे पाणवठे एका दिवसात खुले झाले नाहीत. आजीच्या लहानपणी तिच्या गावच्या तळ्यावर कुत्रे खुशाल उतरे आणि ती काठावर घडा घेऊन, कुणी वरून पाणी वाढेल म्हणून उभी राही. काळू हंड्याजवळ गेला की तिला तेच दिसत असावे. ती काही बोलत नसे, नुसती हंड्यावर झाकण ठेवी.

एका वर्षावासात भंतेजींनी विहारात कुक्कुर जातक सांगितले. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडी पट्टे रात्री पावसात भिजले आणि राजवाड्यातल्याच पाळीव कुत्र्यांनी ते खाल्ले. आळ मात्र बाहेरच्या कुत्र्यांवर आला. दिसेल ते कुत्रे मारावे, असा राजाचा हुकूम सुटला. वाड्यातली कुत्री तेवढी वगळली. त्या जन्मी बोधिसत्त्व स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा नायक होता. तो निर्भयपणे थेट राजापुढे गेला आणि वाड्यातल्या कुत्र्यांना ताक व दर्भ खाऊ घालायला लावला. त्यांनी चामडे ओकले, तेव्हा खरे चोर कळले.

घरी येताना आजी म्हणाली, "म्हणजे तेव्हाही वाड्यातले साव आणि वस्तीतले चोर!" पडवीत काळू पडला होता. त्याच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "याला तळ्यावर बंदी नव्हती, त्यात याचा काय गुन्हा?" त्या रात्री सुक्या बोंबलाची डोकी तिने स्वतः त्याला घातली. पुढे तर तो तिच्याच पायाशी निजू लागला. आम्हाला थोडा हेवाही वाटे.

2004 च्या मे महिन्यात काळू गेला. शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हते. पेज फक्त आजीच्या हातून घ्यायचा. बाबांनी कामावर खाडा केला. घरामागे शेवग्याखाली खड्डा खणला आणि आजीने मेणबत्ती लावून आम्हाला त्रिसरण-पंचशील म्हणायला लावले. आई रडत होती. शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "आजी, कुत्र्याला कसले पंचशील?"

"त्याला कशाला? आपल्याला लागतं," आजी म्हणाली.

आजीही आता नाही. शेवगा पावसात पडला. काळूची जर्मनची थाळी आईने अजून मोडीत दिलेली नाही. उन्हाळ्यात ती पाणी भरून पडवीच्या पायरीशी ठेवते. वस्तीतली कुत्री येऊन पितात, कधी कावळे, आणि दुपारी वाडीवरून परतणाऱ्या शेळ्याही.