स्टेशनवाली धून

सर्फ म्हटले की आमच्या घरात कपडे धुण्याची पावडर आठवते. म्हणून आमचा एक माजी विद्यार्थी सुरतेहून सुटीला आला आणि ओसरीवर बसता बसता म्हणाला, "सर, चाचा जो बजाते हैं ना, उसे सर्फ म्यूज़िक कहते हैं", तेव्हा आतून अम्मी हसली. चाचा हसले नाहीत. त्यांना वाटले पोरगा थट्टा करतो आहे.

चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ. नवापुरात त्यांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. लग्नसराई आली की दुकानाला कुलूप आणि खांद्यावर बेंजो. पुस्तकात ज्याला बुलबुलतरंग म्हणतात त्याला आमच्याकडे बेंजो म्हणतात. टाइपरायटरसारखी बटणे, खाली तारा, डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातल्या पट्टीने तार छेडायची. मुळात हे वाद्य जपानचे. 1912 साली तिथे नागोया शहरात ते तयार झाले, मग फिरत फिरत हिंदुस्थानात आले. बलुची लोकांनी त्याचे बेंजू केले, आपण बेंजो केला. चाचांनी आपल्या बेंजोला पिकअप बसवले होते आणि आवाज इको मशीनमधून काढत. वरातीच्या पुढे हातगाडीवर भोंगे आणि त्यातून येणारा तो कडक, थरथरता, लाटेसारखा परतून येणारा आवाज. नवापूर, विसरवाडी, उच्छल, सोनगड या पट्ट्यातली आदिवासी लग्ने त्या आवाजावर नाचली आहेत. टिमलीचा ठेका सुरू झाला की रात्र संपेपर्यंत कोणी खाली बसत नसे.

पोराने फोनवर एक धून लावली. गाणारा कोणी नाही, नुसती इलेक्ट्रिक गिटार आणि इकोसारखा घुमणारा आवाज. चाचांनी डोळे मिटून ऐकली आणि विचारले, "ये बेंजो किसका है?"

ती धून होती 'मिसिरलू', वाजवणारा डिक डेल, साल 1962. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांवर स्वार होणारी पोरे होती, त्यांच्यासाठी हे विनागायकाचे संगीत निघाले, म्हणून ते सर्फ संगीत. डिक डेलचे खरे नाव रिचर्ड मन्सूर. वडिलांचे घराणे लेबनॉनचे, आणि त्याचे काका ऊद वाजवत. मिसिरलू हा शब्दही तुर्कीतून आला आहे, अर्थ 'मिस्रची मुलगी'. उर्दूच्या शिक्षकाला एवढे पुरे होते. आम्ही चाचांना मिस्र, बैरूत आणि कॅलिफोर्निया असा सारा नकाशा समजावून सांगितला. ते म्हणाले, "अच्छा, मतलब अपने ही लोग हैं."

मग पोराने दुसरी गोष्ट सांगितली, जिच्यासाठी तो खरे तर आला होता. चाचांची 'स्टेशनवाली' धून इंटरनेटवर कुणा भलत्याच माणसाच्या नावावर आहे, आणि ती पुष्कळ लोक ऐकतात.

ही धून आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. 1960 साली मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा रेघ नेमकी फलाटावरून गेली. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशनमास्तरची खोली तिकडे. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत होतात. एका रात्री सोनगडहून लग्न वाजवून आलेले चाचा आणि त्यांचे ढोलकवाले साथी पावसामुळे तिथल्या बाकावर अडकले. मालगाडीच्या चाकांवर साथीने मांडीवर ठेका धरला आणि त्यावर चाचांनी बेंजो काढला. दोघांनी मिळून पहाटेपर्यंत ती धून जमवली. धुनेला नाव दिलेच नाही. लोक म्हणू लागले, 'वो स्टेशनवाली बजाओ.'

1998 साली सुरतेच्या एका कंपनीने तिची कॅसेट काढली. एका दिवसाचे रेकॉर्डिंग, रोख पैसे आणि वीस कॅसेटी. कव्हरवर कंपनीचे नाव होते, हिरोच्या कपड्यातल्या एका अनोळखी मुलाचा फोटो होता. चाचांचे नाव नव्हते, ढोलकवाल्याचे तर नाहीच. त्या वीस कॅसेटींपैकी एक अजून आमच्या कपाटात आहे आणि तिच्याबरोबर गुजरातीत लिहिलेला एक कागद, ज्यावर चाचांनी उर्दूत सही केली आहे. कागदावर पत्ता 'नवापूर, जिल्हा धुळे' असा आहे. त्याच वर्षी 1 जुलैला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

आम्ही चाचांना म्हणालो, आपण हक्क मागू. त्यांनी साफ नकार दिला, आणि नकाराला दाखला दिला तो मोहम्मद रफीसाहेबांचा. 1960 नंतरच्या त्या काळात लता मंगेशकरांनी गायकाला रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला होता, आणि रफीसाहेबांचे मत असे की गाण्याचे पैसे ठरले, मिळाले, व्यवहार संपला. त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. चाचांच्या दुकानात रफीसाहेबांचा फोटो चाळीस वर्षे होता. आता या वयात साहेबांच्या विरुद्ध जायचे?

रफीसाहेबांवर आमचेही प्रेम कमी नाही. परंतु त्यांच्या गाण्यातूनच आम्ही चाचांना उत्तर दिले. 1965 चा 'गुमनाम', दिग्दर्शक आपले राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन. त्यातले 'जान पहचान हो' ऐका. सुरुवातीची ती सणसणीत गिटार म्हणजे सर्फच. 2001 साली 'घोस्ट वर्ल्ड' नावाच्या अमेरिकी चित्रपटाची सुरुवात याच गाण्याने झाली, आणि 2011 मध्ये एका परदेशी जाहिरातीत ते वाजले. लोक शंकर-जयकिशन यांना ओळखतात, रफीसाहेबांना ओळखतात. ती गिटार ज्या बोटांनी वाजवली त्यांना दिवसाची मजुरी मिळाली असेल. स्टुडिओतल्या वादकांचा रिवाज तोच होता. चाचा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रफीसाहब का नाम तो लिखा था ना."

कायदा आम्ही बी.एड.च्या परीक्षेसारखा रात्री बसून वाचला. मराठीत रॉयल्टीला स्वामित्वधन म्हणतात, उर्दूत लेखकाच्या हक्काला हक़-ए-तस्नीफ़. आमच्या समाजात मानधन हा शब्द सर्वांना समजतो, स्वामित्वधन समजत नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. मानधन वाजवण्याचे असते, एकदाच मिळते. धून सुचली ती मात्र वेगळी मालमत्ता आहे आणि संगीतकार हयात असेपर्यंत व त्याच्यानंतर साठ वर्षे ती त्याची, मग त्याच्या वारसांची असते.

वाचता वाचता एका जागी आम्ही थांबलो. 1957 च्या मूळ कायद्यात 'संगीत' कशाला म्हणायचे? जे कागदावर लिहिले किंवा छापले गेले त्याला. नोटेशन न येणाऱ्या माणसाने बेंजोवर कितीही सुंदर धून काढली तरी कायद्याच्या दृष्टीने ती हवेत विरली. ही अट 1994 च्या दुरुस्तीने गेली आणि दुरुस्ती लागू झाली मे 1995 मध्ये. म्हणजे आमच्या चाचांची धून जेमतेम तीन वर्षांच्या फरकाने कायद्यात बसली. ज्या शेकडो बेंजोवाल्यांनी, सनईवाल्यांनी त्याआधी आपल्या धुना वाजवल्या, त्यांचे काय? आम्ही वर्गात रोज मुलांना लिहायला शिकवतो, पण न लिहिलेल्याला किंमत नसते हे असे कायद्याच्या पुस्तकात पाहून बरे वाटले नाही.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेले संगीत निर्मात्याचे. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडले आणि गाणाऱ्याला कायद्यात काहीच स्थान नाही याबद्दल नापसंती नोंदवली. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, 2012 मध्ये, जावेद अख्तर राज्यसभेत असताना कायदा बदलला. आता गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हिस्सा सोडून देता येत नाही, सही केली तरी. आणि वाजवणाऱ्यालाही त्याच्या वादनाच्या व्यापारी वापरात वाटा मिळू लागला.

नंदुरबारच्या वकीलसाहेबांनी कॅसेट कंपनीचा कागद भिंगातून वाचला. कागदात मुदत लिहिलेली नव्हती. मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. म्हणजे धुनेवरचा कंपनीचा अधिकार 2003 मध्येच संपला. ती जुनी रेकॉर्ड त्यांची, धून तुमची. "तुमच्या चाचांनी म्हैस विकली नाही, दूध विकलं," असे ते म्हणाले आणि फी घेतली नाही.

एक खुलासा त्यांनी केला नसता तर आम्ही वेगळ्याच स्वप्नात राहिलो असतो. आम्ही मनात हिशेब केला होता की इतक्या लग्नांत ही धून वाजते, प्रत्येकाचे दहा रुपये धरले तरी चाचांचे म्हातारपण निघेल. तसे नसते. लग्न, वरात आणि त्यांच्याशी जोडलेले समारंभ यांत वाजवलेल्या संगीताला कायद्याने सूट आहे. ज्या जागी चाचांची धून जगली तिथून एक पैसाही येणार नाही. चाचांना मात्र हे ऐकून हायसे वाटले. "शादीवालों से पैसा कौन लेता है," ते म्हणाले.

अब्बांचा प्रश्न वेगळा होता. भावाच्या वाजवण्यावर त्यांनी कधी पसंतीची मोहोर उठवली नाही. वरात दारावरून गेली की ते आत जात. आम्ही भीत भीत विचारले. ते म्हणाले, बजाने का हिसाब वो जाने और अल्लाह जाने, लेकिन एक की चीज़ पर दूसरे का नाम, ये तो किसी हिसाब से ठीक नहीं. एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडले. परवानगी म्हणायची तर तीच.

पोराने आमच्या ओसरीवरच रेकॉर्डिंग केले. दुपारी, शाळा सुटायच्या आत, कारण नंतर गल्लीत क्रिकेट सुरू होते. चाचांच्या दोन बोटांना आता आखडण येते, धून पूर्वीपेक्षा सावकाश निघाली. ढोलकवाले साथी काही वर्षांपूर्वी वारले, म्हणून पोराने जुन्या कॅसेटवरून त्यांचा ठेका ऐकून कॉम्प्युटरवर बसवला. मग धून सगळ्या ॲपवर चढवायची तर एक वितरक लागतो, त्याला बँक खाते लागते, पॅन लागतो. चाचांचे नाव आधारवर एक, पासबुकावर दुसरे, मतदार यादीत तिसरे. उर्दूत ते एकाच प्रकारे लिहिले जाते, पण ते विचारतो कोण! नावे एक करण्यात चार महिने गेले. त्या परक्या व्हिडिओबद्दल तक्रार दिली आहे, उत्तर यायचे आहे.

सात महिन्यांनी पहिले पैसे आले. एकशे सत्त्याऐंशी रुपये. चाचांनी फोन हातात धरून तो मेसेज तीनदा वाचला. आम्हाला वाटले, रक्कम पाहून त्यांचा हिरमोड होईल. डिक डेलची हकिगत आम्ही सांगणारच होतो, की 'मिसिरलू' 1994 साली 'पल्प फिक्शन' चित्रपटात आली आणि जगभर पुन्हा वाजली, तरी संगीतकार म्हणून कागदावर नाव निक रूबानिस याचे होते, आणि डेलला सत्तरी उलटल्यावरही औषधांच्या खर्चासाठी गावोगाव वाजवत फिरावे लागले. 2019 मध्ये तो वारला. पण चाचांनी विचारले ते निराळेच.

"इसमें ढोलकवाले का कितना?"

आम्ही समजावले की हे रेकॉर्डिंगचे पैसे आहेत, त्यात ढोलक कॉम्प्युटरची आहे. धुनेच्या हक्काची नोंद अजून व्हायची आहे. संगीतकारांची संस्था, आयपीआरएस, 1969 पासून हे काम करते, तिचा अर्ज आम्ही भरून ठेवला होता. संगीतकाराच्या रकान्यात चाचांचे नाव, हिस्सा शंभर टक्के. चाचांनी तो मागून घेतला, चष्मा लावला आणि शंभरावर काट मारली.

"ठेका उसका था. पहले ठेका आया, मैं बाद में आया."

आम्ही म्हणालो, चाचा, ठेका म्हणजे धून नव्हे. ते म्हणाले, मग नुसती धून वाजवून दाखवतो, बघ कोण नाचतो ते. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. कव्हरवर नाव नव्हते म्हणून आम्ही वर्षभर कायदा वाचला, आणि अर्ज भरताना तेच आम्ही दुसऱ्याच्या बाबतीत करून ठेवले होते.

संगीतकार एकाहून जास्त असतील तर ज्याचा त्याचा हिस्सा लिहावा लागतो, एक हयात नसेल तर त्याच्या वारसांची कागदपत्रे लागतात. ढोलकवाल्यांची मुलगी सोनगडजवळच्या एका गावात दिली आहे एवढे चाचांना आठवते. गावाचे नाव आठवत नाही, पण तिच्या लग्नात वाजवले होते, रस्ता ओळखीन म्हणतात. धुनेच्या नावाचा रकाना तोही रिकामाच आहे. ते नाव तिला विचारून ठरवायचे आहे. रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे निघणार आहोत. चाचांनी बेंजोच्या तारा बदलून ठेवल्या आहेत.