आईच्या मोबाइलचे चार कोपरे

ती. आईस,


आखाजीच्या सणाला घरी आले, तुझा मोबाइल हातात घेतला आणि अंगठ्याला काच टोचली. वरच्या कोपऱ्यातून निघालेली चीर पार खालपर्यंत गेली होती आणि तिच्यावर तू चिकटपट्टी लावली होतीस. 'चालतोय ना अजून,' म्हणालीस. चालत होता, पण अंगणवाडीतल्या पोरांची वजनं त्यात भरताना एकेका आकड्यासाठी तू तीन-तीनदा बोट दाबत होतीस.

दुसऱ्या दिवशी कळवणला स्टँडजवळ डिस्प्ले बदलून घेतला. दुकानदाराने पुढे केलेलं जाड काळं कव्हर तू परत ठेवलंस, हातात मावत नाही म्हणून. तुझं खरं होतं. तुझा हात लहान आहे आणि निसटणाऱ्या फोनला जाडी वाढवून काय उपयोग? म्हणून घरातला जुना, बंद पडलेला, त्याच मापाचा फोन मी नाशिकला घेऊन आले आणि महिनाभर त्याच्यावर बारीक बंपर चढवून पाहिले. बंपर म्हणजे पाठ उघडी ठेवून फक्त कडेने बसणारी पट्टी. त्यातला एक या पत्रासोबत पाठवते आहे. तोच का निवडला ते सविस्तर लिहिते. बीटच्या मीटिंगमध्ये बाकीच्या सेविकांना वाचून दाखवलंस तरी चालेल. तुमच्या सगळ्यांचाच हा प्रश्न आहे.

तुझा फोन पडतो कसा, हे मी त्या दोन दिवसांत पाहिलं. टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं देताना ओळख पटवायला बाईचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरावा लागतो. तिच्या कडेवर पोर असतं, ते फोनला हात घालतं. तुझ्या एका हातात वही आणि दुसरा हात लांब केलेला. फोन छातीच्या उंचीवरून सुटतो आणि खाली असतो सिमेंटचा ओटा, नाहीतर मुरूम. 4 फुटांवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी 17 किलोमीटरच्या आसपास असतो. सगळा धक्का बसतो एका कोपऱ्यावर. चौकट तिथे दबते, काचेच्या कडेवर दाब येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. तुझ्या फोनची चीर कोपऱ्यातूनच निघाली होती, आठवतंय?

मऊ कोपरा इथेच कामाला येतो. कठीण फोन कठीण फरशीवर जेमतेम एक मिलिमीटरमध्ये थांबतो. मऊ कोपऱ्याने दबत दबत त्याला तीन मिलिमीटर दिले, तर आघाताचा जोर साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. वरून पडणारं मूल झेलताना आपण हात खाली नेत नेत झेलतो, तसंच हे. म्हणून बंपर दाबून पाहायचा तो कोपऱ्यावर. काही बंपर कडेला छान जाड असतात आणि नेमके कोपऱ्यावर पातळ. तसले मी बाजूला काढले. चांगल्या बंपरच्या कोपऱ्यात आतून पोकळी असते, नखाने दाबली की आत जाते.

दुसरी परीक्षा काठाची. फोन पालथा पडला तर काच जमिनीला टेकू नये एवढा काठ वर हवा. मी बंपर चढवलेल्या फोनवर आडवी स्टीलची पट्टी ठेवली आणि तिच्याखाली झेरॉक्सचे कागद सरकवले. असे दहा कागद म्हणजे साधारण एक मिलिमीटर. पण टफन ग्लास लावली की तीच तीन-चार कागद खाते. म्हणून टफन लावूनच मोजलं. एका देखण्या बंपरमध्ये दोनच कागद गेले, पाठवते आहे त्यात आठ गेले. तरीही मुरमाच्या टोकदार खड्यावर फोन पालथा पडला तर हा काठ वाचवणार नाही, खडा काठाच्या आतच येईल. तिथे टफनवरच भरवसा.

बंपरच्या पुष्कळ डब्यांवर लष्करी चाचणीचा शिक्का असतो. तो शिक्का अमेरिकी लष्कराच्या 810 या मानकाचा. त्यात 4 फुटांवरून 26 वेळा वस्तू टाकतात, पण खाली काँक्रीट आणि त्यावर 2 इंची प्लायवूड असतं, आणि ते 26 आपटे पाच नगांमध्ये वाटून द्यायलाही परवानगी आहे. तुझ्या अंगणवाडीपुढे प्लायवूड नाही. त्या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मी दिले नाहीत.

धातूचा बंपर भक्कम दिसतो. तो मात्र मुळीच घेऊ नकोस, आणि कुणी घेत असेल तर थांबव. एक तर धातू दबत नाही, धक्का आत पाठवतो. दुसरं कारण रेंजचं, धातू ती अडवतो. 2010 साली ॲपलच्या आयफोन 4 ची स्टीलची कडा हीच त्याची अँटेना होती. डाव्या बाजूच्या खालच्या फटीवर हात आला की रेंज घसरायची. खूप ओरड झाली, तेव्हा 16 जुलैला स्टीव्ह जॉब्झ यांनी ग्राहकांना रबर-प्लास्टिकचे बंपर फुकट देण्याचं जाहीर केलं. हात आणि अँटेना यांच्यामध्ये ती पट्टी आली आणि काम भागलं. कनाशीच्या पुढे रेंजच्या एका दांडीसाठी तू ओट्याच्या टोकाला जाऊन उभी राहतेस. तिथे अँटेनाभोवती धातूचं कडं घालून चालणार नाही.

पाठ उघडी राहते याची तुला काळजी वाटेल. पण तुझ्या फोनची पाठ प्लास्टिकची आहे, ओरखडे पडतील, फुटणार नाही. आणि उघड्या पाठीचा फायदा मोठा आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा फोन तापतात ही मुख्य तक्रारींपैकी एक होती. तूही तुझा फडक्यात बांधून नेला होतास. 35 अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरू नका, असं बरेच कारखानदार लिहितात. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाची यात्रा भरते तेव्हा आपल्याकडे उन्हाचा पारा कुठे असतो, ते तुला सांगायला नको. त्यात पाठीवर रबराची गोधडी कशाला? बंद कव्हरात धूळही साचते आणि तिच्यातले वाळूचे कण पाठ घासत राहतात. बंपरच्या कडेत मात्र ती शिरेलच. आठवड्यातून एकदा बंपर काढून तो आणि फोन दोन्ही कोरड्या फडक्याने पूस.

पाठवते आहे तो टीपीयूचा आहे, रबरासारखं मऊ प्लास्टिक. जुन्या फोनला घालून मी छातीच्या उंचीवरून सिमेंटवर आठ वेळा टाकला. काच शाबूत राहिली, एका कोपऱ्याला खरचटलं. आठ म्हणजे काही फार नव्हेत, हेही खरं. उन्हाने तो पिवळा पडेल, त्याने बिघडत नाही. पण कोपरा सैल होऊन नखाने सहज उचलला जायला लागला की लगेच कळव, दुसरा पाठवीन. अडीचशे रुपयांची वस्तू आहे. डिस्प्लेला किती गेले ते तुला ठाऊक आहे, आणि ते तुझ्या मानधनातून गेले.

खालच्या कोपऱ्याला दोरीचं भोक आहे. मुद्दाम भोकाचाच शोधला, कारण बाकी सगळं फोन पडल्यावर कामाला येतं. जाड सुती दोरी ओवून ठेवली आहे. उजव्या मनगटात घाल, डाव्या हातात तुझी वही असते.

तुझी,
ताई